दोन्ही पद्धती चालतील

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं आणि एकच विषय दिला आहे : ‘शाळेनंतर मी कुठे रुजले’. माझ्याआधी कुणी शेतीबद्दल बोललं, कुणी बँकेबद्दल, कुणी अमेरिकेबद्दल. मी २००१ साली इंजिनिअर झाले आणि तेव्हापासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण या काळात चार कंपन्या बदलल्या, त्यामुळे तिथे रुजले असं काही म्हणवत नाही. जी जागा बदलली नाही ती म्हणजे माझं चर्च, आमच्या भाषेत ‘मंडळी’. म्हणून त्याबद्दल बोलते. घाबरू नका, प्रवचन देणार नाही. एकमेकांसारखी नसलेली माणसं एका छताखाली कशी टिकतात, एवढंच सांगायचं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण नाताळला आमच्याकडे करंज्या-चकल्या खायला यायचात. तुमच्या लेखी आम्ही ‘ख्रिश्चन’ म्हणजे एकच गठ्ठा होतो. प्रत्यक्षात आमच्या गल्लीतच चार प्रकार होते. वडिलांकडची माणसं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याची, अमेरिकन मराठी मिशनची. या मिशनने १८३१ साली आपल्या नगरात काम सुरू केलं. त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघायची, वर बिशप नाही. आईचं माहेर एसपीजीचं, म्हणजे अँग्लिकन. तिथे बिशप, पाळकांचा झगा आणि छापील प्रार्थनांचं पुस्तक. शेजारच्या काकू मुक्तिफौजेच्या, बूथ हॉस्पिटलात नर्स. त्यांच्यात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. कोपऱ्यावरचं घर कॅथलिक, दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणारं.

आणि या सगळ्याच्या खाली, कुणी मोठ्याने न बोलता, जात होतीच. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. नारायण वामन टिळकांसारखे ब्राह्मण मोजकेच. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणं हे एकोणिसाव्या शतकात केवढं धाडस होतं, हे आज आपल्याला नीट कळणारही नाही. प्याला एक झाला. पण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न अजूनही हळूच विचारला जातो. हे इथे सांगते, कारण आम्हाला एकी बायबलबरोबर आयती मिळाली असा समज करून देणं बरोबर होणार नाही.

आता एक जुनी गोष्ट. ती मला तिशीत पहिल्यांदा नीट कळली आणि तेव्हापासून मी तिची भक्त आहे. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हावं, अशी बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली. ती पूर्ण झाली २९ नोव्हेंबर १९७० ला, रविवारी, आपल्या नागपुरात. मध्ये एकेचाळीस वर्षं गेली. त्या दिवशी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आलं. त्यात सहा प्रवाह मिळाले : आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, म्हणजे माझ्या वडिलांकडचे, अँग्लिकन, म्हणजे आईकडचे, शिवाय बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. म्हणजे लग्नाचा मांडव पडल्यावरही एक पाहुणा परत गेला, पण लग्न झालं.

एवढी वर्षं कशात गेली? मुख्य अडचणी दोन होत्या. पहिली बाप्तिस्म्याची. काही मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स म्हणतात, छे! माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करेल तेव्हाच. दोघांनाही ही बाब जिवापेक्षा मोठी. तोडगा असा निघाला की नव्या चर्चच्या घटनेत दोन्ही पद्धती मान्य आहेत असं लिहिलं गेलं. दुसरी अडचण पाळकांची : कुणाची दीक्षा खरी? तिथे सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कुणाला काय कमी होतं आणि कुणाला काय मिळालं, याचा हिशेब माणसांनी मांडला नाही, तो देवावर सोडला.

मला हे का भावलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. एक कंपनी दुसरीला विकत घेते, तेव्हा दोन्हींच्या संगणक प्रणाली जोडायचं काम आमच्याकडे येतं. नवशिका म्हणतो, एक बंद करा आणि सगळ्यांना दुसऱ्या प्रणालीवर आणा. मुरलेला माणूस आधी यादी करतो : कोणत्या गोष्टी एक असल्याच पाहिजेत आणि कोणत्या वेगळ्या राहिल्या तरी काम अडत नाही. दुसरी यादी करायला जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. नागपूरला पोचायला एकेचाळीस वर्षं लागली, त्यात या दुसऱ्या यादीचा वाटा मोठा असणार.

अर्थात कागदावर सही झाली म्हणून मनं जुळतातच असं नाही. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीतल्या काही जणांनी हे विलीनीकरण मानलंच नाही. मालमत्तेचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल न मानणाऱ्यांच्या बाजूने लागला. तेव्हा प्रश्न असा उरतो की कागदावरची एकी माणसांपर्यंत कशी पोचते. ते मी पुण्यात पाहिलं.

२००१ साली मी पुण्यात आले तेव्हा आयटीमध्ये मंदी होती. हातात नेमणुकीचं पत्र, पण कामावर रुजू व्हायची तारीख पुढे पुढे जात होती. पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. दर रविवारी एका चर्चमध्ये जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गाणं संपलं की निघायचे. लोक चांगले होते, हसायचे, हस्तांदोलन करायचे. तरी चार महिने मला तिथे पाहुणीसारखंच वाटत होतं. मग एके दिवशी एका वयस्कर बाईंनी विचारलं, “तू कॉम्प्युटरवाली ना गं? मराठीत टाइप करता येतं का?” उपासनेचा क्रम आणि गाण्यांचे कागद टाइप करणारे गृहस्थ आजारी पडले होते. मी श्रीलिपीत कागद तयार करून दिले. पुढच्या रविवारी मी आले नसते तर गाणीच झाली नसती. त्या दिवशी मी पाहुणी राहिले नाही.

आमच्या मंडळीत मराठी, इंग्रजी आणि तमिळ अशा तीन उपासना होतात. मराठीत आमच्या नगर-सोलापूरकडचे लोक. तमिळमध्ये लष्कर आणि रेल्वेच्या नोकरीमुळे दोन पिढ्या पुण्यात असलेली कुटुंबं. इंग्रजीत मल्याळी, गोवेकर, शिकायला आलेली नागा आणि मिझो मुलं, आफ्रिकेतले विद्यार्थी. वर्षातून एकदा सुगीच्या सणाला सगळे एकत्र. तेव्हा लोक शेतमाल, कोंबड्या, लोणची आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो परत देतो आणि म्हणतो, पुन्हा बोली लावा. पैसे मंडळीच्या कामाला जातात. मजा येते. पण सण संपला की तिन्ही गट आपापल्या वेळेला येणार आणि एकमेकांना फाटकात भेटणार.

पुढे असा प्रस्ताव आला की मराठी उपासना बंद करून ती इंग्रजीत मिळवावी. कारण खरं होतं. मराठी उपासनेला चाळीस माणसंही नसायची, आणि आमची पोरं इंग्रजी माध्यमातली; त्यांना ‘उपासना संगीत’ हे आमचं गाण्यांचं पुस्तक धड वाचता येईना. कमिटीच्या बैठकीत आवाज चढले. आमचे एक आजोबा म्हणाले, “इंग्रजी मला येतं. पण देवाशी भांडायचं तर मला मराठीच लागते.” त्यावर एक मल्याळी ताई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “पाटीवर तुम्ही ‘सर्वांचे स्वागत’ लिहिता. चहाच्या वेळी मात्र तुम्ही सगळे मराठीत हसता आणि आम्ही नुसते बघतो.” दोघांचंही खरं होतं. कुणालाही गप्प बसवून तो प्रश्न सुटला नसता.

शेवटी ठरलं ते असं. मराठी उपासना चालू राहील. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांची एकत्र उपासना होईल. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत, एकाच वेळी म्हणायची. गाण्यांच्या पडद्याचं काम माझ्याकडे आलं. एकच मराठी पद देवनागरी, रोमन आणि तमिळ अशा तीन लिप्यांत दाखवायचं. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर, त्यामुळे पहिल्या महिन्यात जे काही गायलं गेलं त्यावर आमच्या मराठी मावश्या पदर तोंडाला लावून हसल्या. तमिळ अण्णाही हसले. मग मावश्यांनीच त्यांना ओळ ओळ शिकवली. आमचं गाणं पेटी-तबल्यावरचं, सगळ्यांचा एक सूर. त्याला मिझो मुलांनी चार आवाजांची जोड दिली. टिळकांच्या पदाला तशी साथ मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पण खरा फरक पडला तो एका साध्या नियमाने. झाडलोट, चहा, आजाऱ्यांच्या भेटी, दफनाच्या वेळची मदत या सगळ्या कामांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, आणि जोडीतले दोघे वेगवेगळ्या उपासनेतले हवेत. सुरुवातीला कुरकुर झाली. भाषेचं काय करायचं? पण ससूनमध्ये एखाद्या पेशंटच्या उशाशी दोन तास बसायला फार भाषा लागत नाही. बाहेर आल्यावर चहा घेताना मोडकीतोडकी जमते, आणि मग ओळख होते.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, देवाशी मराठीत भांडणारे ते आजोबा गेले. हृदयविकाराने गेले. मुलगा दुबईत अडकलेला, पुतणे नगरला, जिल्हाबंदी. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, आणि त्या दिवसांत वीस माणसं मिळणंही अवघड. त्या महिन्यातल्या दफनाच्या कामाच्या जोड्या कागदावर होत्याच. आले ते दोन नागा मुलगे, तमिळ अण्णा, त्या मल्याळी ताईंचे यजमान आणि आम्ही तिघे-चौघे मराठी. खांदा त्यांनीच दिला. मुलगा फोनवरून बघत होता. कबरीजवळ प्रभूची प्रार्थना झाली, प्रत्येकाची आपल्या भाषेत. नंतर त्या मुलाने मला विचारलं, “ती मुलं कोण होती? बाबांच्या ओळखीची?” मी म्हटलं, “त्यातला एक दीड वर्ष तुझ्या बाबांबरोबर चहाच्या पाळीला होता.”

आमचे सगळे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. मराठी उपासनेला गर्दी वाढलेली नाही. माझी मुलगी गाणी अजून रोमन लिपीतच वाचते. ‘मूळचे कोण’ हा प्रश्नही गेलेला नाही. लिप्या जोडल्या म्हणून तो जाणारही नाही. त्याला प्रत्येक घरात वेगळं भांडावं लागेल, आणि आमच्या घरात मी ते भांडते. पण एक मला पक्कं कळलं आहे. आपलेपणा आधी वाटतो आणि मग माणूस कामाला लागतो, असं नसतं. बहुतेक वेळा ते उलटं असतं. आणि एकी टिकते ती दुसऱ्याच्या पद्धतीला आपल्या घरात जागा आहे हे आपण लिहून ठेवतो आणि त्याप्रमाणे वागतो म्हणून.

आता आपल्या तुकडीकडे येते. आपल्या व्हॉट्सॲप गटात निवडणुकीच्या दिवसांत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिघे गट सोडून गेले, त्यातले दोघे आज इथे आले आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार. मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितलं की शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं दुरुस्तीला आली आहेत आणि नोंदवही अजून हातानेच लिहिली जाते. नोंदणीची प्रणाली मी करून देईन. पण पुस्तकांना कव्हर घालायला, नोंदी भरायला, कपाटं पुसायला माणसं लागतील. माझी सूचना आहे की त्याच्या जोड्या आजच, जेवणाआधी, चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. ज्याच्याशी गटात भांडण झालं त्याच्याबरोबर चिठ्ठी निघाली तर बदलून मिळणार नाही. मराठीच्या सरांनी चिठ्ठ्या उचलाव्यात अशी त्यांना विनंती करते.

बाई, सर, तुम्ही आम्हाला उंचीप्रमाणे बाकावर बसवायचात. जात, धर्म, मार्क काही न बघता. आम्हाला तेव्हा ते आवडायचं नाही. त्याबद्दल आज मनापासून आभार.