स्वेच्छेचे प्रमाणपत्र कोणाच्या सोयीचे?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी स्वेच्छेने परीक्षा द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि एवढ्यानेच त्या व्यवसायास शिस्त लागेल, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. बाजार चांगले-वाईट आपोआप निवडील, हे तिच्यामागचे गृहीत आहे.

ब्रिटनने हा मार्ग पत्करला. तेथे २००७ साली सरकारने समुपदेशकांच्या कायदेशीर नोंदणीचा प्रस्ताव मांडला होता. पुढच्या सरकारने २०११ साली तो गुंडाळून ठेवला आणि व्यावसायिक संस्थांच्या ऐच्छिक नोंदवह्यांना मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. ‘समुपदेशक’ हे नाव तेथे कायद्याने संरक्षित नाही. गैरवर्तनाबद्दल एखाद्याचे नाव नोंदवहीतून काढले, तरी तो दुसऱ्या दिवशी तीच पाटी लावून बसू शकतो. रुग्णाने तक्रार केली, ती सिद्धही झाली; आणि दुकान मात्र चालूच!

आपल्या देशात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने नोंदणी सक्तीची केली. समुपदेशक बाहेरच राहिले. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्यांना व मानसिक आरोग्य साहाय्यकांना परिशिष्टात स्थान दिले आहे. तेव्हा कायद्याचा पाया घातला गेला असताना ऐच्छिकतेकडे माघारी जाण्याचे कारण काय?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सक्ती आली की पदव्यांची भिंत उभी राहील आणि खेड्यातली साधी कार्यकर्ती बाहेर फेकली जाईल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना आढळले. मूठभर तज्ज्ञांच्या बळावर ही दरी बुजणार नाही. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांच्या मदतीने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या समुपदेशकांच्या पाठीशी तज्ज्ञांची देखरेख होती. म्हणून नोंदणी श्रेणीवार हवी: कोणी कोणते काम करावे, कोणाच्या देखरेखीखाली करावे आणि रुग्ण केव्हा पुढे पाठवावा, हे तीत लिहिलेले असावे.

आता खर्चाचा प्रश्न. ऐच्छिक प्रमाणपत्राचे शुल्क, परीक्षेचा प्रवास, बुडालेली मजुरी हे सारे कार्यकर्तीच्या पदरी पडते. ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अनुभव आशाताईंना पुरेसा आहे. २००५ पासून त्यांना स्वयंसेविका म्हणवून घेतले गेले. वेतनाऐवजी मोबदला, आणि कामांची यादी वाढती. मानसिक आरोग्याचे काम त्याच यादीत आणखी एक ओळ म्हणून चिकटविणे आपल्याला मान्य होता कामा नये.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मराठीत मोफत प्रशिक्षण, त्या दिवसांचे वेतन, शासनाने भरलेले नोंदणी शुल्क आणि तक्रार समितीत रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांना जागा, या चार मागण्या आपापल्या जिल्ह्यातील आरोग्य कर्मचारी संघटनांपुढे मांडा. पहिलीला फारसा विरोध होणार नाही. चौथीला होईल, आणि तो कदाचित आपल्याच संघटनांतून होईल. त्या चर्चेची तयारी करून जा.