दहाव्या दिवसाचा शब्द

आपल्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी एक विलक्षण प्रसंग घडतो. पिंड मांडलेले असतात, आप्तमंडळी थोडी दूर उभी असतात आणि सारे कावळ्याची वाट पाहत असतात. कावळा लगेच शिवला तर ठीक. पण तो घिरट्या घालून निघून जाऊ लागला की घरातली वडीलधारी माणसे पुढे होतात आणि गेलेल्या माणसाशी बोलू लागतात. ‘धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही पाहू.’ ‘आईला अंतर देणार नाही.’ ‘घरावरचे कर्ज आम्ही फेडू.’ अशा एखाद्या वचनानंतर कावळा शिवला की हीच इच्छा राहिली होती असे समजून सर्वांना हायसे वाटते.

कावळ्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न मला येथे काढावयाचा नाही. मला मोल वाटते ते त्या वचनांचे. गेलेल्या माणसाला आपण आता काय देऊ शकतो, या प्रश्नाला आपल्या परंपरेने दिलेले ते उत्तर आहे. त्याचे जे अपुरे राहिले, त्यातले काही आपल्या अंगावर घ्यावे, एवढेच ते सांगते. खरी कसोटी लागते ती अकराव्या दिवसापासून.

दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही कसोटी अधिक अवघड जाते. साताऱ्याला किंवा सोलापूरला माणूस गेला, तर त्याचे निम्मे स्मरण गावच सांभाळते. पारावर त्याची गोष्ट निघते, वाण्याच्या दुकानात त्याचा विषय निघतो. येथे निगमबोध घाटावरून परतलेल्या कुटुंबाच्या शेजाऱ्यांना आजींचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. आजींच्या म्हणी, त्यांच्या ओव्या, त्यांचे रागावणे, सारे ज्या भाषेत होते ती भाषा नातवंडांच्या तोंडून हळूहळू ओसरत असते. मग आपण तसबीर करवून घेतो, तिला हार घालतो, आणि काही वर्षांनी तसबीर तेवढी उरते.

स्मारकांच्या बाबतीत दिल्लीइतके शिकवणारे दुसरे शहर क्वचितच सापडेल. निजामुद्दीनजवळ मथुरा रस्त्याला लागून एक भव्य मकबरा आहे. अब्दुल रहीम खानखानान या कवी-सेनापतीने 1598 च्या सुमारास तो आपल्या पत्नीसाठी बांधला. पुढे अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी याच वास्तूचे दगड काढून नेण्यात आले. एकाच्या शोकाची शिळा दुसऱ्याच्या शोकाला कामी आली! आपल्या काळात, 2020 साली, तिचा जीर्णोद्धार पुरा झाला हे चांगलेच झाले. पण दगडाच्या भरवशावर सोपविलेली आठवण किती परस्वाधीन असते, हे ती वास्तू आजही सांगते.

तेथून जवळच, निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात, शाहजहानची कन्या जहाँआरा हिची कबर आहे. ती 1681 साली वारली. ज्या पित्याने पत्नीसाठी ताजमहाल उभारला, त्याच्या या मुलीने आपल्या कबरीवर गवताखेरीज दुसरे आच्छादन नसावे अशी इच्छा धरली. संगमरवरी जाळ्यांच्या मध्ये, उघड्या आकाशाखाली, तिच्या कबरीवर आजही माती आणि हिरवळ आहे. गवताला कोणी ना कोणी पाणी घालावे लागते, आणि मागे राहिलेल्यांच्या हाताला ते काम तिने लावून दिले.

विसाव्या शतकातील दिल्लीने याहून वेगळ्या वाटा शोधल्या. उद्योगपती लाला श्रीराम यांनी 1956 साली पत्नीच्या स्मरणार्थ मुलींसाठी महाविद्यालय काढले. साहू शांतिप्रसाद जैन यांनी आपल्या मातेच्या, मूर्तिदेवींच्या, स्मृतीसाठी ग्रंथमाला सुरू केली, आणि प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश, कन्नड, तमिळ अशा भाषांतील जुने ग्रंथ तिच्यातून प्रकाशित होऊ लागले. मूर्तिदेवींच्याच नावाचा पुरस्कार 1994 साली ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांना मिळाला. एका मुलाने आईची आठवण ठेवली आणि तिचा प्रसाद मराठी वाङ्मयापर्यंत येऊन पोहोचला.

आपल्यापाशी एवढे धन कोठून येणार, असे कोणी म्हणेल. तर मग हिंगोली जिल्ह्यातील कडोळीला जन्मलेल्या नानाजी देशमुखांकडे पाहावे. 27 फेब्रुवारी 2010 रोजी चित्रकूट येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला. असे दान करणाऱ्याचे कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु देह स्वाधीन करणाऱ्या आप्तांचे मन कोणी पाहिले आहे? त्या दिवशी चिता नाही, अस्थी नाहीत, घाटावर सोडावयाचा कलशही नाही. मृताचा शब्द राखण्यासाठी जिवंतांनी स्वतःचे सांत्वन बाजूला ठेवावयाचे असते. प्रेमाची याहून अवघड परीक्षा मला माहीत नाही.

आणि जेथे मृताने काहीच सांगून ठेवलेले नसते तेथे? 13 जून 1997 रोजी ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहाला आग लागली. खाली वाहनतळात पेटलेल्या आगीचा धूर वर सज्जापर्यंत चढला आणि 59 जण गुदमरून गेले. त्यांत लहान मुलेही होती. चित्रपट पाहावयास गेलेली मुले इच्छापत्र कोठून ठेवणार? त्यांच्या मातापित्यांनी आणि इतर आप्तांनी समोरच्या भागात स्मृती-उपवन केले, दरवर्षी त्या तारखेला ते तेथे जमू लागले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. संघटना करून वर्षानुवर्षे ते न्यायालयाच्या पायऱ्या चढले. सार्वजनिक जागी दुसऱ्या कोणाचे मूल असे जाऊ नये, हे मागणे त्यांनी सोडले नाही. मुलांनी न मागितलेले वचन त्यांनी स्वतःहून दिले होते, आणि ते पाळताना त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली.

घरगुती पातळीवर हेच करावयाचे झाले तर फार काही लागत नाही. वडील शेजारच्या मुलांना गणित सांगत असतील, तर आठवड्यातून एक तास तो पाट रिकामा राहू देऊ नये. आईच्या हातच्या पदार्थांची वही असेल, तर ती कपाटात न ठेवता तिच्यातला एकेक पदार्थ नातवंडांकडून करवून घ्यावा, आणि तो शिकवताना मराठीतच बोलावे. सुताराची, शिंप्याची हत्यारे ज्याच्या हाती चालतील अशाला द्यावीत. ज्यांनी त्या माणसाला ओळखले होते, त्या प्रत्येकाकडून एकेक आठवण लिहून मागवावी. आपल्याला माहीत नसलेली आई तिच्यात भेटते. आणि घरात अजून वृद्ध माणसे असतील, तर त्यांचा आवाज आजच ध्वनिमुद्रित करून ठेवावा. आकाशवाणीच्या श्रोत्यांना आवाजाची थोरवी मी वेगळी काय सांगावी!

एक पथ्य मात्र पाळावे. मृताच्या नावावर आपलीच हौस खपवू नये. ज्याला गर्दीचा तिटकारा होता, त्याच्या नावाने मंडप घालणे हे स्मरण नव्हे. त्याला काय आवडले असते, हे विचारताना त्याचा हट्ट, त्याचे दोष यांचीही आठवण ठेवावी. नाहीतर आपण एका कल्पित सत्पुरुषाची पूजा करीत राहू आणि आपला माणूस बाजूलाच राहील.

श्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावे उच्चारतो: पिता, पितामह, प्रपितामह. त्यापलीकडे नाव टिकावे असा हट्ट शास्त्रानेही धरलेला नाही. नाव विसरले जाईल. पण शिकवलेले गणित आणि राखलेला शब्द निनावी होऊन पुढे जातील. म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणाचा बेत ठरवण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून एकमेकांना एवढेच विचारावे, की दहाव्या दिवशी आपण काय कबूल केले होते, आणि या वर्षात त्यातले किती झाले?