सर कधी 'माजी' होत नाहीत

आपल्याकडे खेळाडूला 'माजी' हे विशेषण फार लवकर चिकटतं. तिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, संघाच्या यादीतून नाव गळलं, की झाला माजी खेळाडू. पण कुणी कुणाची ओळख 'हे माझे माजी सर' अशी करून दिलेली मी आजवर ऐकलेली नाही. खेळ सुटतो, शाळा सुटते, गाव सुटतं. सर मात्र सरच राहतात. मी स्वतः एकतीस वर्षं एका तालुक्याच्या गावी मुलामुलींना खो-खो शिकवला. त्यामुळे या नात्याबद्दल थोडं आतून आणि थोडं बाहेरून बोलावं, असं मनात आहे.

बाहेरून म्हणजे आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसांबद्दल. प्रशिक्षक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी शिवाजी पार्क येतं आणि त्यापाठोपाठ रमाकांत आचरेकर सर. सर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. पण बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार असे कितीतरी कसोटीपटू त्यांच्या हाताखालून गेले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली पद्मश्री.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिननं निरोपाचं भाषण केलं. त्यात सरांबद्दल दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सर त्याला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, जास्तीत जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून. आणि दुसरी, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला 'वेल प्लेड' असं एकदाही म्हटलं नाही. ऐकणारे हसले, सचिनही हसला. मला त्या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटल्या. नाण्यावरून आठवलं, सर मधल्या यष्टीवर एक रुपया ठेवत आणि सत्र संपेपर्यंत नाबाद राहिला तर तो सचिनला देत. पुढे कोट्यवधी रुपये कमावलेल्या माणसानं ते रुपये जपून ठेवले आहेत.

आता प्रश्न असा, की याला मैत्री म्हणायचं का? पाठ थोपटायची नाही, कौतुकाचा शब्द काढायचा नाही, सामना बुडवून दुसऱ्यांचा खेळ बघायला गेला तर खडसवायचं, ही कसली मैत्री? माझं उत्तर असं, की त्या वयात ती मैत्री नव्हतीच आणि नसावीच. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मित्र मैदानावर पुष्कळ असतात. त्याला हवा असतो वेळ देणारा मोठा माणूस. सर तोंडानं काही बोलत नसतील, पण भर उन्हात एका पोरासाठी मुंबईभर स्कूटर फिरवणं हे बोलणंच आहे. मुलांना ते पुरतं कळतं. फक्त त्याचा अर्थ लागायला वीस-पंचवीस वर्षं जातात, आणि अर्थ लागला की मग मैत्री सुरू होते.

याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदनं ६६४ धावांची भागी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. हा आकडा आपल्याला पाठ आहे. पण त्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता, तो अमोल मुझुमदार. तोही सरांचाच विद्यार्थी. पुढे त्यानं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या, पदार्पणात २६० केल्या, पण भारताची टोपी काही त्याला मिळाली नाही. सरांच्या तालमीतला म्हणून त्याचं नाव यशस्वी मुलांच्या यादीत कुठे बसवायचं?

त्याचं उत्तर काळानं दिलं. जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार. एका गुरूचे दोन शिष्य समोरासमोर! पंडितांचा संघ जिंकला. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता अमोल. कर्णधार हरमनप्रीत कौर त्याच्या पाया पडली आणि मग दोघांनी मिठी मारली. टीव्हीसमोर बसलेल्या माझ्यासारख्या जुन्या मास्तराला त्या क्षणी आचरेकर सर आठवले. ते २ जानेवारी २०१९ रोजीच गेले होते. त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत सचिन होता, आणि रस्त्यावर उतरलेल्या मुलांनी बॅटी उंचावून त्यांना निरोप दिला होता.

आचरेकर सरांची रीत सगळ्यांचीच असते असं मात्र नाही. त्याच मुंबईत, माटुंग्याला, दादर युनियनचे वासू परांजपे होते. गप्पांचे बादशहा. सुनील गावसकरांना 'सनी' हे नाव त्यांनीच दिलं. वासू सरांकडे शिकणं म्हणजे त्यांच्याशी बोलणं. मुलगा पंधराचा असो की कसोटीवीर पस्तिशीचा, ते त्याच्याशी बरोबरीनं बोलत. २०२० साली त्यांच्यावर 'क्रिकेट द्रोण' हे पुस्तक निघालं, त्यात एकाहून एक थोर खेळाडूंनी आठवणी सांगितल्या आहेत. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट २०२१ रोजी, ते गेले. एक सर कमी बोलणारे, दुसरे भरभरून बोलणारे; पण दोघांकडेही मुलं पुन्हा पुन्हा येत राहिली. म्हणजे हे नातं स्वभावावर अवलंबून नाही, हे एवढ्यावरून दिसतं.

परदेशातलंही एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर. १९६५ साली त्यांच्याकडे सात फुटांहून उंच असा एक कृष्णवर्णीय मुलगा आला, पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावानं जगप्रसिद्ध झालेला. वुडन यांचा पहिला धडा काय, तर मोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. देशातले नावाजलेले खेळाडू मोजे घालायला शिकत बसायचे.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या काळी वर्णद्वेषाविरुद्धची चळवळ जोरात होती. १९६८ च्या ऑलिम्पिकला जायला करीमनं नकार दिला आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. एका बाईंनी वुडन यांना संतापून पत्र लिहिलं. वुडन यांनी उत्तरात आपल्या विद्यार्थ्याची बाजू घेतली, त्यानं काय सोसलंय ते समजून घ्यायला सांगितलं. हे त्यांनी करीमला सांगितलंच नाही. ते पत्र खूप वर्षांनी करीमच्या वाचनात आलं. दोघांची मैत्री सुमारे पंचेचाळीस वर्षांची झाली. वुडन २०१० साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले, आणि २०१७ साली करीमनं त्या मैत्रीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. एक गोरा, श्रद्धाळू ख्रिस्ती, खेड्यातून आलेला. दुसरा न्यूयॉर्कचा, इस्लाम स्वीकारलेला. खेळ संपल्यावर त्यांच्यात सारखं असं फारसं काही उरायला नको होतं. पण उरलं.

आता थोडं आतून. खो-खोच्या मैदानात पैसा नव्हता, कॅमेरे नव्हते. पहाटे चुन्याची फक्की ओढायची, खांब पक्के आहेत का ते बघायचं आणि मुली आल्या की धावायला लावायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलामुलींपैकी राज्य पातळीवर खेळलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे शेतीत, दुकानात, पोलिसात, पुण्याच्या कारखान्यांत. माझी खरी मिळकत तीच.

एक मुलगी होती, अप्रतिम पाठलाग करणारी. खो मिळाला की बाणासारखी सुटायची. बारावीनंतर लग्न झालं, मैदान सुटलं. दहा वर्षांनी तिचा नवरा अपघातात गेला. त्या रात्री तिनं भावाच्या आधी आपल्या संघातल्या तिघींना फोन केला आणि चौथा मला. आम्ही चौघं पहाटेपर्यंत तिच्या दारात होतो. पुढे दीर जमिनीच्या कागदांवर सह्या मागायला आले, तेव्हा या तिघी तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. एक तर म्हणाली, 'आधी आम्हाला वाचू द्या.' सही झाली नाही. आज ती तिघीचौघींना हाताशी धरून खानावळ चालवते. मी कधी गेलो तर जेवणाचे पैसे घेत नाही, आणि मी दिल्याशिवाय उठत नाही. हे भांडण आमचं अजून मिटलेलं नाही.

मी तिला काय शिकवलं होतं? खो कधी द्यायचा आणि खो मिळाल्यावर मागे वळून बघायचं नाही, एवढंच. पण तीन वर्षं रोज पहाटे एका रांगेत आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या मुलींना एकमेकींचा श्वाससुद्धा ओळखू येतो. सरानं फक्त ती रांग आखून दिलेली असते.

या नात्याची काही पथ्यंही आहेत, ती सांगायला हवीत. मुलं लहान आहेत तोवर प्रशिक्षकानं अंतर राखायला हवं. मुलींच्या बाबतीत तर दक्ष राहायलाच हवं. संघात कोण खेळणार हे ज्याच्या हातात असतं, त्याला 'मी तुझा मित्रच आहे' असं म्हणण्याचा अधिकार नाही. मैत्री सत्ता संपल्यावर करायची असते. दुसरं पथ्य, 'मी याला घडवला' हे वाक्य तोंडून काढायचं नाही. तो घडला, आपण तिथे होतो. आणि तिसरं, जो हरला त्याचं दार आधी वाजवायचं. जिंकलेल्याकडे जायला सगळं गाव असतं.

३ डिसेंबर २०२४ रोजी, आचरेकर सरांच्या जयंतीला, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्या कार्यक्रमात विनोद कांबळी खुर्चीवर बसला होता, प्रकृती खालावलेली. सचिन त्याच्याजवळ गेला, त्याचा हात हातात घेतला. विनोदनं सरांच्या आठवणीत एक जुनं हिंदी गाणं म्हटलं. दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, त्याची चर्चा पुढे बरीच झाली. पण सर जाऊन सहा वर्षं होत आली असताना ज्या जागी हे दोघे पुन्हा शेजारी आले, ती जागा सरांची होती, एवढं खरं.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत कबड्डी, खो-खो, लंगडी, काहीतरी खेळलेलं असेल. शिट्टी वाजवणारं कुणीतरी असेल. ते हयात असतील तर त्यांना फोन करा. काय बोलायचं याची चिंता करू नका. नाव सांगितलं की ते तुमची जागा सांगतील. मी माझ्या मुलांना आवाजावरून ओळखत नाही आता, वयाचा दोष. पण नाव सांगितलं की लगेच विचारतो, 'अरे, तू तिसऱ्या चौकात बसायचास ना?' पलीकडून जो आवाज येतो, त्यात पन्नाशीचा माणूस नसतो.