चौघांचा नियम

(सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीच्या रात्री केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी सांगितलं, "काका, कॅनडाचं काहीतरी बोला, पण आवरतं घ्या." तेव्हा सगळा प्रवास सांगत नाही. थोडा रस्ता आणि एक पायवाट, एवढंच सांगतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही कॅल्गरीला मुलाकडे होतो. त्याला रजा नव्हती, म्हणून भाड्याची गाडी घेऊन दोघंच निघालो. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. प्रत्येक वळणावर ही शेजारून, "अहो, उजवीकडे!" त्या आवाजावरच आम्ही सुखरूप पोचलो.

सव्वाशे-एक किलोमीटरवर बॅन्फ. कॅनडाचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ सालचं. हायवेवर मध्येच पूल दिसतात आणि त्यांवर गवत, झाडं. ते पूल अस्वलं, हरणं, लांडग्यांसाठी आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण असल्यामुळे जनावरं पुलावरून किंवा खालच्या बोगद्यातून पलीकडे जातात.

लेक लुईसपासून जॅस्परकडे जाणारा आइसफील्ड्स पार्कवे २३० किलोमीटरचा. बहुतेक वाटेत मोबाइलला रेंज नाही, म्हणून पेट्रोल आणि खाणं आधीच भरून घ्यायचं. या वाटेवर अथाबास्का हिमनदी आहे. बर्फ पूर्वी कुठवर होता, ते दाखवणाऱ्या सालांच्या पाट्या तिथे लावल्यात. चालत जावं तशी सालं पुढे सरकतात. आमच्या लग्नाच्या सुमाराची पाटी ओलांडली, तरी बर्फ अजून लांबच! सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. ही म्हणाली, "आपल्या डोळ्यांदेखत गेलं की हो हे." आम्ही तिथूनच मागे फिरलो.

आता पायवाट. मोरेन लेकला २०२३पासून खासगी गाड्या बंद आहेत, बसने जावं लागतं. तळ्यापासून लार्च व्हॅलीत चढणारी वाट साधारण सव्वाचार किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या वर. लार्च हे देवदारासारखं सुईच्या पानांचं झाड. पण देवदार बारमाही हिरवा, आणि हे मात्र सप्टेंबरअखेर हळदीसारखं पिवळं होऊन पानं गाळतं. ते बघायचं, असं हिने घरूनच ठरवलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर व्यायाम केला, तो यासाठीच.

वाटेच्या तोंडाशी पाटी : किमान चार जणांचा गट, तोही जवळजवळ चालणारा. नाहीतर दंड. हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. चार माणसं बोलत चालली की अस्वलाला लांबूनच चाहूल लागते, ते बाजूला होतं. आम्ही तर दोघंच. पाऊण तास पाटीजवळ उभे राहिलो. शेवटी एक तरुण जोडपं आलं, तेही दोघंच. त्यांना आमची गरज आणि आम्हाला त्यांची. आमची चाल हळू आहे, असं मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, चालेल.

चढ वळणावळणांचा. अर्ध्या वाटेच्या थोडं वर गेल्यावर ही एका दगडावर बसली. म्हणाली, "तुम्ही तिघं जा, मी थांबते." पण तिघांना पुढे जायची परवानगी नाही आणि तिला एकटीला मागे ठेवणं तर त्याहून वाईट. आम्ही दोघं उतरलो, तर त्या पोरांचाही दिवस फुकट. आणि आम्हाला तरी दोघांनी कसं उतरता येणार? मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या मुलीने मात्र पाठीवरची सॅक उतरवली, सफरचंद कापलं आणि चौघांना वाटलं. वीस मिनिटं गेली. मग उठून ती हिला म्हणाली, "आता तुम्ही पुढे चाला, आम्ही मागून येतो."

त्याने सगळं बदललं. पुढे चालणाऱ्याला दमछाक लपवावी लागत नाही. गट तिच्या चालीने चालला आणि तासाभरात आम्ही त्या पिवळ्या रानात उभे होतो. समोर दहा शिखरं आणि मध्ये ही सोनसळी झाडं! ही बराच वेळ काही बोलली नाही.

त्या पोरांना अजून वर, सेंटिनेल खिंडीत जायचं होतं. वर निघालेल्या एका गटाने त्यांना घेतलं, खाली निघालेल्या दुसऱ्या गटाने आम्हाला. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आकडा जुळला की झालं.

मंडळी, नियम अस्वलासाठी होता, पण मला त्यात सहकार दिसला. आपण पंचवीस वर्षं एका इमारतीत राहतोय. आज गच्चीवर बघा. चौथ्या मजल्यावरच्या आजी आल्यात, त्यांना एकच जिना. तळमजल्यावरच्या आजी आणि पहिल्या मजल्यावरचे काका दिसत नाहीत, कारण त्यांना हे जिने झेपत नाहीत. लिफ्टचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय. खर्च आहे, कोणी किती द्यायचे यावर वाद आहेत, आणि ते व्हावेत. फक्त ठरवताना सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवून बघा, एवढंच मागणं.

फोटो पडद्यावर लावलेत. पिवळी झाडं शेवटी आहेत.