‘सेटल’ झालेलं कर्ज

थकलेल्या कर्जासाठी बँकेकडून फोन येतो, ‘एवढे भरा, बाकीचे सोडून देतो.’ ऐकायला गोड वाटतं. पण तडजोडीनं मिटवलेलं कर्ज क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नव्हे. आणि पुढचं कर्ज देणारा नेमकं तेच बघतो. जमत असेल तर उरलेली रक्कमही भरा, ना-हरकत दाखला घ्या आणि नोंद बदलून मागा.

त्याआधी आपला अहवाल काढा. सिबिलसह देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत; प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. स्वतः पाहिल्यानं क्रेडिट स्कोअर घटतो, ही भीती उगाचच. फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसतंय? तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

३०० ते ९०० मधला हा स्कोअर पैसे घेऊन महिन्याभरात चढवून देतो म्हणणारे एजंट भेटतील. खरी नोंद त्यांनाही पुसता येत नाही. स्कोअर खरोखर सुधारायचा असेल आणि साधं कार्ड मिळत नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, बेतानं वापरा आणि बिल पूर्ण, वेळेत भरत राहा.