रुपयाची पारख



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते हाडाचे शिक्षक होते. आणि शिक्षकाचे काम म्हणजे पारख. म्हणून आज मी जुन्या चांदीच्या नाण्याची प्रत कशी ठरवावी, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

राणी व्हिक्टोरियाचा १८६२ सालचा रुपया घ्या. त्याचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. नाणे नेहमी कडांनी धरावे आणि एका दिव्याखाली सावकाश तिरपे फिरवावे. झीज प्रथम उंचवट्यांवर होते. म्हणून राणीचा गाल, कानावरील केस आणि मुकुट आधी न्याहाळावेत. केसांच्या रेषा सुट्या आहेत की एकजीव झाल्या आहेत? न वापरलेल्या नाण्यावर झळाळी चक्रासारखी सलग फिरते. उंचवट्यावर ती तुटली, की नाणे हातोहाती फिरले आहे असे समजावे. साल जुने म्हणून प्रत वरची, असे मात्र नाही.

आपल्या इंदूरच्या होळकरी रुपयाला हाच नियम डोळे मिटून लावता येत नाही. मल्हारनगर टांकसाळीतील सूर्यमुखाचा रुपया हातोड्याने पाडलेला. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे अक्षरे कडेबाहेर जातात, कोठे घाव हलका बसतो. ते अपुरे उमटणे होय, झिजणे नव्हे. शेजारची अक्षरे टोकदार असून एखादाच भाग पुसट असेल, तर दोष घावाचा. सर्वत्र कडा गुळगुळीत झाल्या असतील, तर ती वापराची झीज.

सर्वांत मोठी हानी मात्र आपल्याच घरी होते. हवेतील गंधकाने चांदीवर काळपट थर चढतो. राख किंवा चिंच लावून तो घासला, की थराबरोबर मूळ पृष्ठभागही जातो आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. असे नाणे चकाकते, पण जाणकार त्याची प्रत खालीच लावतो. खरेपणा तपासण्यासाठी नाणे दगडावर आपटण्याची रीतही सोडावी. वजन आणि कडेवरील दाते पुष्कळ सांगतात.

अनेक घरांत रुपयांच्या माळा होत्या. डाग देऊन बसवलेली कडी काढली, तरी व्रण राहतोच. मी अशी नाणी पाहतो, तेव्हा बाजाराच्या दृष्टीने प्रत कमी असे स्पष्ट सांगतो. कारण खोटा दिलासा देणे पारख्याला शोभत नाही. परंतु हेही सांगतो, की ते नाणे कोणाच्या तरी गळ्यात होते, याचा दुसरा पुरावा आता घरात उरलेला नसेल. कडी मोडून, नाणे घासून, तो पुरावा पुसू नका.

मुलांनो, प्रत ही नाण्याची अवस्था सांगते, त्याचे मोल संपूर्ण सांगत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून, आहे तसे सांगता येणे, हीच पारख.