शत्रूवरील प्रीती आणि तिची हद्द

शत्रूवरही प्रीती करावी, ही येशूची शिकवण ख्रिस्ती धर्माबाहेरच्यांनाही ठाऊक असते. व्यासपीठावरून ती सांगायला सोपी, कारण तिथे शत्रू हजर नसतो. पण तोच शत्रू शेजाऱ्याला ओढून न्यायला दारात उभा राहिला, तर प्रीती करायची कुणावर? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न युरोपातल्या पुष्कळ पाळकांपुढे आला. बहुतेकांनी तो ऐकला न ऐकल्यासारखे केले. ज्यांनी ऐकला, त्यांतल्या दोघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

आंद्रे त्रोक्मे हे फ्रान्समधल्या ल शांबों या डोंगराळ गावचे प्रोटेस्टंट पाळक. गावकरी ह्युगेनॉ, म्हणजे जुन्या फ्रेंच प्रोटेस्टंटांच्या, वंशाचे. राजाच्या सैनिकांपासून लपूनछपून धर्म जपलेल्या पूर्वजांच्या कथा ऐकत वाढलेले. जून 1940 मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे हार पत्करली. दुसऱ्याच दिवशीच्या उपासनेत त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी मंडळीला सांगितले की, विवेकाविरुद्धचे हुकूम मानायचे नाहीत, पण प्रतिकार हत्याराने करायचा नाही.

पुढच्या चार वर्षांत त्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर अंदाजे 5,000 माणसांना आसरा मिळाला. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. शेतघरे, वसतिगृहे, शाळा, जिथे जागा असेल तिथे ती राहिली. खोट्या नावांची ओळखपत्रेही तयार झाली. हा खोटेपणा त्रोक्मे यांच्या मनाला टोचत असे. काम मात्र थांबले नाही. फेब्रुवारी 1943 मध्ये पोलीस त्यांना अटक करायला आले, तेव्हा त्यांच्या पत्नी मॅग्दा यांनी त्या पोलिसांनाच जेवायला बसवले. ही गोष्ट नेहमी गहिवरून सांगितली जाते. तिला जोडून दुसरीही सांगायला हवी: आदल्या वर्षी ज्यूंची यादी मागणाऱ्या अधिकाऱ्यांना याच पाळकाने साफ नकार दिला होता. पोलिसांना जेवण मिळाले, अधिकाऱ्यांना यादी मिळाली नाही. शत्रूवरील प्रीतीची हद्द इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

तिची किंमतही मोजावी लागली. त्रोक्मे यांचे नातलग दानिएल हे तिथल्या वसतिगृहाचे प्रमुख होते. धाड पडली तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर त्यांनाही नेण्यात आले. 1944 मध्ये मायदानेकच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

दुसरे पाळक जर्मन, डीट्रिश बोनहोफर. अहिंसेची त्यांना ओढ होती. 1934 मध्ये गांधीजींनी त्यांना आश्रमात येऊन राहण्याचे निमंत्रणही दिले होते. ते आले नाहीत, हिटलरपुढे न झुकणाऱ्या चर्चची पाठशाळा त्यांनी सांभाळली. 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय झाली असतानाही काही आठवड्यांत ते मायदेशी परतले. मग मेहुण्याच्या ओळखीने ते लष्करी गुप्तहेर खात्यात शिरले. त्या खात्यातल्याच काही जणांचा हिटलरला मारण्याचा कट शिजत होता, आणि बोनहोफर त्यात सामील झाले. बॉम्ब त्यांच्या हाती नव्हता. परदेशातल्या चर्चमधल्या ओळखींतून ते कटाचे निरोप पोचवत. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्ग छावणीत त्यांना फाशी दिली गेली. वय 39.

इथे एक गंमत आहे, तिला गंमत म्हणता येत असेल तर. अस्खलित जर्मन बोलणाऱ्या त्रोक्मे यांच्याही मनात युद्धापूर्वी हिटलरला ठार करण्याचा विचार येऊन गेला होता. तसे केल्याने आपण ख्रिस्तापासून तुटू, या भीतीने त्यांनी तो सोडला. बोनहोफर यांनी ती भीती पत्करली. मारणे म्हणजेच प्रीती, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. तो अपराधच आहे आणि दुसऱ्यांसाठी तो आपल्या माथी घ्यावा लागतो, अशी त्यांची भूमिका होती. दोघांत बरोबर कोण, याचा निकाल ख्रिस्ती विचारवंतांनी अजून लावलेला नाही. लावायची घाईही नको.

दोघांचे एकमत एका गोष्टीवर होते. ज्याच्यावर जुलूम होतो त्याला वाऱ्यावर सोडून जुलूम करणाऱ्यावर प्रीती करता येत नाही. त्यातून हेही निघते की, पीडिताच्या वाट्याची क्षमा इतरांनी परस्पर वाटायची नसते. आजच्या मंडळ्यांनी निदान एवढे तरी उचलावे. नवऱ्याचा मार खाऊन पाळकाकडे आलेल्या बाईला सहनशीलतेचा उपदेश करून त्याच घरी परत पाठवणे थांबवावे. आधी तिला दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात न्यावे; नवऱ्यासाठीची प्रार्थना नंतर करता येईल.